धम्मयात्रेचा पाठ : ख्मेर देशाचे विहार आणि आपल्या वाटेवरची लेणी



वर्षावास संपून पाऊस उघडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून लेण्यांच्या सहली निघतात. संगमनेरहून निघणाऱ्यांना दोन वाटा जवळच्या आहेत. उत्तरेला सिन्नरवरून नाशिकची वाट, म्हणजे त्रिरश्मी लेणी. दक्षिणेला चंदनापुरी घाट चढून घारगाव, बोटा, आळेफाटा आणि तेथून जुन्नर. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येते. जीप भरते, भाकरीचे डबे बांधले जातात, लेण्याच्या दारात रांगेने उभे राहून फोटो काढले जातात आणि दिवस मावळण्याच्या आत मंडळी परत फिरतात. घरी म्हाताऱ्या आईने विचारले, “काय पाहिलं रे?” तर उत्तर मिळते, “लेणी पाहिली.” पण ती कोणी कोरली, कोणाच्या पैशाने कोरली, कशासाठी कोरली, असे तिने पुढे विचारले तर जीपमधल्या दहांपैकी नऊ जण गप्प बसतात.

अलीकडे आपल्यातील काही कुटुंबे पैसे साठवून श्रीलंका, थायलंड, कंबोडिया या बौद्ध देशांनाही जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्यांची नातवंडे अंकोरच्या पायऱ्या चढत आहेत. पण तेथेही तेच होत असेल, डोळ्यांनी पाहिले आणि मनाला काही लागले नाही असे होत असेल, तर खर्च झाला आणि शिक्षण राहिले. म्हणून या पाठात आपण एकच प्रश्न घेऊ : धम्मयात्रा कशी करावी? उदाहरणासाठी ख्मेर लोकांचा देश म्हणजे कंबोडिया घेऊ आणि तेथून परत आपल्या दारच्या लेण्यांकडे येऊ.

१. सहल आणि यात्रा

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी आनंदाला चार स्थाने सांगितली आहेत. जन्माचे, बोधीचे, प्रथम प्रवचनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. श्रद्धावान माणसाने ही स्थाने पाहावीत, असे तेथे सांगितले आहे. पण कशासाठी? तेथे पाली शब्द आहे ‘संवेजनीय’, म्हणजे संवेग उत्पन्न करणारी. संवेग म्हणजे मन हलणे, झोपेतून जागे होणे. दगडाला हात लावल्याने पाप धुतले जाते किंवा नवस फळतो, असे तेथे काही नाही.

यावरून धम्मयात्रेची कसोटी ठरते. जाण्यापूर्वी जो माणूस होता तोच परत आला तर ती सहल झाली. काही नवे समजले, त्या समजण्याने मन हलले आणि त्या हलण्याने वागण्यात फरक पडला, तर ती यात्रा झाली. सहल करू नये असे कोणी म्हणत नाही. कामाच्या माणसाला विसावा हवाच. परंतु एकीला दुसरीचे नाव देऊ नये.

२. बाबासाहेबांचे प्रवास

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह प्रवासाला निघाले. या प्रवासात वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. मंडळी नाशिकला जमली आणि तेथून औरंगाबादकडे गेली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला ती थांबली. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले एक लहान टाके होते. काहींनी त्यात हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आला की, यांनी पाणी बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती अशी की, आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य तो इतरांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांनी त्यातून दाखविले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

वेरूळला निघालेल्या त्या मंडळींना वाटेतल्या टाक्याचे पाणी नाकारले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे जुन्नरला आपल्याला याच विषयाकडे यायचे आहे.

दुसरे प्रवास वेगळ्या प्रकारचे आहेत. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब श्रीलंकेत कँडीला गेले. जागतिक बौद्ध परिषदेचे ते पहिले अधिवेशन होते. त्या देशातील लोकांच्या नित्य जीवनात धम्म कितपत जिवंत आहे, विधी कसे होतात, हे प्रत्यक्ष पाहणे हा त्यांचा एक हेतू होता. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या अधिवेशनाला गेले आणि दीक्षेनंतर १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला. परतताना प्रकृती ढासळलेली असूनही त्यांनी सारनाथ आणि कुशीनारा पाहिले.

म्हणजे बाबासाहेबांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, दगडात उरलेला धम्म. दोन, माणसांत चालता असलेला धम्म. आपल्या देशात पहिला भरपूर होता, दुसरा लोपला होता. शेजारच्या देशांत दुसरा होता. दोन्ही पाहून, दोन्ही पारखून त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला धम्म दिला. आपणही प्रवास करताना या दोन्ही गोष्टी पाहावयास हव्यात.

३. ख्मेर देश : दगडातील धम्म

ख्मेर ही कंबोडियातील मुख्य जनता व तिची भाषा. त्यांची लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीपासून निघाली आहे. त्यांच्या महिन्यांची नावे ऐकली तर आपला माणूस चकित होतो : चेत, पिसाख, चेस, आसाथ. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढच हे. पुण्याला ते ‘बोन’ म्हणतात, शीलाला ‘सील’.

त्या देशात अंकोर येथे सुमारे नवव्या ते पंधराव्या शतकांत ख्मेर राजांची राजधानी होती. १९९२ साली युनेस्कोने अंकोरला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेथील सर्वांत प्रसिद्ध वास्तू अंकोर वाट. येथे आपल्या अभ्यासकाने प्रामाणिकपणा सोडू नये. अंकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधले ते विष्णूचे मंदिर म्हणून. त्याच्या भिंतींवर समुद्रमंथन आहे, कुरुक्षेत्र आहे. पुढे तेथे बुद्धमूर्ती आल्या, भिक्षू राहू लागले आणि ख्मेर जनतेने त्याला बौद्ध स्थान म्हणून जपले. भारतातून जाणारे बहुतेक प्रवासी समुद्रमंथनापाशी थांबतात आणि तेथूनच परततात. आपले काही बंधू उलट टोकाला जाऊन ते मुळापासून बौद्धच होते असे सांगतात. दोन्ही चूक. जे आपले नाही त्याला आपले म्हणू नये आणि जे आपले आहे ते सोडू नये. सत्य सांगितल्याने धम्माचे काही कमी होत नाही.

जे निःसंशय बौद्ध आहे ते सातव्या जयवर्म्याचे काम. हा राजा ११८१ साली गादीवर आला. तो महायानी बौद्ध होता. मोठमोठ्या शांत मुखांचे बायॉन मंदिर त्याचेच. आईच्या स्मरणार्थ त्याने ११८६ साली ता प्रोम हा विहार स्थापला. आज वडासारख्या प्रचंड झाडांच्या मुळ्यांनी त्याच्या भिंतींना विळखा घातला आहे आणि प्रवासी ती मुळे पाहायलाच तेथे जातात. पण तेथील शिलालेखात मुळांहून मोठी गोष्ट आहे. या राजाने राज्यभर १०२ रुग्णालये चालविली, असे तो लेख सांगतो. रुग्णालयांचे स्वतंत्र लेखही सापडले आहेत. ती भैषज्यगुरू बुद्धाच्या नावाने होती. वैद्य किती, औषध देणारे किती, तांदूळ किती, मध किती, तूप किती, सगळे मोजून लिहिलेले आहे. आणि तेथे चारही वर्णांच्या रुग्णांवर उपचार व्हावा, असे नमूद आहे. प्रजेचे आजारपण हे राजाचे स्वतःचे दुःख, असा भाव त्या लेखात आहे.

वाचून आनंद होतो. पण आंबेडकरी माणसाने येथे थांबून आणखी एक प्रश्न विचारावा. हा सगळा दगड वाहिला कोणी? त्याच ता प्रोमच्या लेखात लिहिले आहे की, या एका विहाराच्या सेवेला ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावली होती. त्या माणसांची नावे लेखात नाहीत. राजाची करुणा खरी, रुग्णालये खरी, आणि नाव नसलेली ७९,३६५ माणसेही खरी. कोणत्याही भव्य वास्तूपुढे उभे राहिल्यावर हे दोन्ही दिसले पाहिजे.

या राजानंतर तेराव्या शतकात वारे फिरले. आठव्या जयवर्म्याच्या काळात अंकोरमधील असंख्य बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या. कोनाड्यांत आजही नुसता मूर्तीचा आकार उरलेला दिसतो. परंतु धम्म संपला नाही. त्या शतकाच्या अखेरीस, १२९६ साली, चीनचा दूत झाऊ दागुआन अंकोरला आला. त्याला पिवळी चीवरे नेसलेले भिक्षू जागोजाग दिसले. राजाश्रयाचा धम्म मोडला होता आणि खेड्यापाड्यांतून थेरवादाचा, पालीचा, साधा धम्म पसरला होता. तोच आजतागायत आहे.

४. ख्मेर देश : माणसांतील धम्म

म्हणून ख्मेर देशात जाणाऱ्याने अंकोरला दोन दिवस द्यावेत आणि एक दिवस तरी एखाद्या खेड्यातील ‘वाट’मध्ये, म्हणजे विहारात, घालवावा. गुडघे व खांदे झाकतील असे कपडे घालावेत, जोडे बाहेर काढावेत, भिक्षूंच्या पुढे पाय पसरून बसू नये. दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार तेथे ‘सांपेआ’. तो आपल्याला शिकवावा लागत नाही.

तेथे काय दिसते? विहार हे गावाचे मध्यवर्ती ठिकाण दिसते. पूर्वी मुले तेथेच अक्षरे शिकत. तरुण मुलगा काही महिने किंवा एक वर्षावास भिक्षू होऊन परत संसारात येतो, त्यात कमीपणा नाही. विधी सांगणारा गृहस्थ उपासक असतो, त्याला ‘आचार’ म्हणतात. शब्द आचार्यच. तो बहुधा पूर्वी भिक्षू राहिलेला, चार चांगल्या गोष्टी पाठ असलेला साधा गावकरी असतो. आपल्याकडील बौद्धाचार्यांसारखाच. महिन्यातून चार वेळा शीलाचा दिवस येतो. म्हातारी माणसे पांढरी वस्त्रे नेसून विहारात येतात, अष्टशील घेतात. एप्रिलच्या मध्यास त्यांचे नववर्ष असते. आपण १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक काढतो त्याच दिवसांत ख्मेर लोक विहाराच्या अंगणात वाळूचे स्तूप रचतात.

ग्रंथांच्या बाबतीतही त्यांनी मोठे काम केले. १९३० साली नोम पेन्हला बौद्ध संस्था स्थापन झाली आणि संपूर्ण त्रिपिटक पाली व ख्मेर भाषेत ११० खंडांत प्रसिद्ध करण्यात आले. ते काम १९६९ साली पुरे झाले. म्हणजे खेड्यातल्या माणसाला आपल्या बोलीत बुद्धवचन मिळाले.

आणि लगेच सहा वर्षांनी ते सारे उद्ध्वस्त झाले. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले. जानेवारी १९७९ पर्यंत, पावणेचार वर्षांत, पंधरा ते वीस लाख माणसे भूक, आजार, सक्तीची मजुरी आणि कत्तल यांनी मेली. भिक्षूंची चीवरे बळाने उतरविली. हजारो भिक्षू मारले गेले. विहारांची कोठारे व तुरुंग झाले, ग्रंथ जाळले. चीवर घातलेला माणूस देशात दिसेनासा झाला.

मग धम्म परत आला कसा? राजाने आणला नाही. १९७९ च्या सप्टेंबरात दक्षिण व्हिएतनाममधून आलेल्या थेरवादी भिक्षूंच्या हस्ते सात वृद्धांनी पुन्हा उपसंपदा घेतली. सरकारने सुरुवातीला पन्नास वर्षांवरील पुरुषांनाच भिक्षू होण्याची मुभा दिली. हे म्हातारे, जगले-वाचलेले आचार आणि त्यांच्याबरोबर शील पाळणाऱ्या म्हाताऱ्या बाया, यांना जे पाठ होते त्यावर विहार पुन्हा उभे राहिले. पुस्तक जळाले होते, माणसाच्या तोंडातले सुत्त जळाले नव्हते.

याच काळात महाघोसानंद नावाचे एक भिक्षू पुढे आले. ते बिहारमध्ये नालंदा येथील पाली संस्थेत शिकले होते. देशात संहार चालू असताना ते बाहेर होते. त्यांचे कुटुंब त्यात नष्ट झाले. थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावणीत ते गेले आणि मेत्त सुत्ताच्या प्रती वाटू लागले. १९९२ साली त्यांनी निर्वासितांना बरोबर घेऊन सीमेपासून नोम पेन्हपर्यंत पदयात्रा काढली. वाटेत सुरुंग पेरलेले होते, लढाई पुरती थांबलेली नव्हती. या पदयात्रेचे ख्मेर नाव ‘धम्मयेत्रा’. शब्द आपलाच, धम्मयात्रा. ती पुढे दरवर्षी निघू लागली. वैराने वैर शमत नाही ही धम्मपदातील शिकवण सुरुंगांच्या रस्त्यावर चालून दाखविणे, हा धम्मयात्रेचा सर्वांत मोठा अर्थ झाला. महाघोसानंद २००७ साली वारले.

५. काय घ्यावे, काय घेऊ नये

बौद्ध देशात जे जे दिसेल ते ते घरी आणावे काय? नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ख्मेर लोक ‘प्चुम बेन’ नावाचा पंधरा दिवसांचा सण करतात. ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे विहाराभोवती भाताचे गोळे टाकले जातात. भुकेलेल्या पितरांना ते मिळतात अशी समजूत आहे. त्यांच्या मनातील भावना आपण समजून घ्यावी. ज्या घरातली चार-चार माणसे खड्ड्यांत पुरली गेली आणि ज्यांची हाडेही मिळाली नाहीत, त्या घराला वर्षातून एकदा आपल्या मृतांची आठवण काढण्याचा हा दिवस आहे. तेथे बसून हसू नये. परंतु आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही त्यांतील एक आहे. तेव्हा तो विधी संगमनेरात आणण्याचे कारण नाही. पाहुणा म्हणून आदर करणे आणि अनुयायी म्हणून स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. विहार हे शाळेसारखे चालविणे घ्यावे. महिन्यातून ठरलेल्या दिवशी शील घेणे घ्यावे. सुत्ते पाठ करणे घ्यावे. वडिलधाऱ्यांना ‘आचार’ मानून त्यांच्याकडून शिकणे घ्यावे. जे धम्माच्या कसोटीला उतरते, प्रज्ञा आणि करुणा वाढविते, ते घ्यावे.

६. परत आपल्या वाटेवर : जुन्नर आणि त्रिरश्मी

ख्मेर लोकांचा धम्म पावणेचार वर्षे तुटला. तो माणसांच्या स्मरणातून परत आला. आपला धम्म अनेक शतके तुटला होता. पाठ असणारे कोणी उरले नव्हते. आपले आचार कोण? पाली ग्रंथ आणि दगड. म्हणून आपल्याला दगड वाचायला शिकणे भाग आहे. ख्मेर म्हातारीला लेख वाचता आला नाही तरी चालते, कारण तिला सुत्त पाठ आहे. आपले तसे नाही.

जुन्नरच्या आसपास शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. कल्याण बंदरातून माल नाणेघाटाने वर येई तो जुन्नरला. व्यापाऱ्यांच्या या वाटेवरच लेणी झाली. तेथील ब्राह्मी लेखांत तीन शब्द पुनःपुन्हा येतात. हे तीन शब्द ओळखायला शिका. ‘लेण’ म्हणजे लेणे, आपण आजही तोच शब्द वापरतो. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके. ‘देयधम’ म्हणजे धम्मदान. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर आपला शब्द स्वतः वाचण्यात जो संवेग आहे तो शंभर फोटोंत नाही.

आता दाते कोण ते पाहा. लेण्याद्रीचे सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. शिवनेरीचे चैत्यगृह वीरसेनक नावाच्या गृहपतीचे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवावयाची झाली तर ती ‘वासकार’ म्हणजे बांबूकाम करणारे आणि ‘कासाकार’ म्हणजे काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवीत. विचार करा, बांबू विणणाऱ्यांच्या संघटनेवर समाज पैशाचा विश्वास टाकीत होता. पुढच्या काळात याच हातांच्या कामाला हलके ठरविण्यात आले.

दात्यांत परदेशी यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेला माणूस संघाला पाणी देतो, संघाच्या जेवणासाठी मंडप देतो, आणि त्याला कोणी तू कोणत्या जातीचा असे विचारीत नाही. आता दौलताबादचे १९३४ चे टाके आठवा. याच महाराष्ट्रात एके काळी पाणी देण्याचा लेख दगडात कोरला गेला आणि याच महाराष्ट्रात पुढे पाणी नाकारण्यासाठी हत्यारबंद शिपाई नेमला गेला. या दोहोंमध्ये काय घडले, हा आपल्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे. जुन्नरच्या पोढीपाशी उभे राहून तो प्रश्न मनात आला नाही, तर जुन्नर पाहिलेच नाही असे समजावे.

ता प्रोमशी ताडून पाहा. तेथे एक राजा आणि नाव नसलेली हजारो माणसे. येथे सोन्याचा व्यापारी, धान्यवाले, यवन, गृहपती, आणि प्रत्येकाचे नाव भिंतीवर. राजेही होतेच. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. पण राजाविना धम्म उभा राहू शकतो, हे जुन्नर सांगते. संगमनेरात कितीतरी आयांनी बिड्या वळून मुले शिकविली. त्यांच्या चार पैशांतून विहार बांधला जातो तेव्हा तीच जुनी रीत चालते.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. डोंगराचे नाव लेखातच आहे. दहाव्या लेण्यात उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ३,००० कार्षापणे ठेवली आणि व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय केली, असा लेख आहे. त्याच ठिकाणी आणखी एक लेख आहे. तो प्रत्येक उपासिकेने मुद्दाम पाहावा. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींत रक्कम ठेवली. कशासाठी? त्रिरश्मीच्या विहारात राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी. जन्माने ती शक कुळातली होती. ख्मेर राजाची १०२ रुग्णालये थोर खरी, पण त्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधी नाशिकच्या डोंगरात एका बाईने औषधासाठी कायमची ठेव ठेवली होती. अंकोरला विमानाने जाणाऱ्याने आधी नाशिकची एस. टी. पकडावी, ती याचसाठी.

लेण्याद्रीविषयी दोन शब्द. तेथील सातव्या क्रमांकाचे लेणे हा मोठा विहार. भिक्षूंच्या राहण्याच्या वीस खोल्या त्यात आहेत. आज तेथे गणपतीचे मंदिर आहे आणि अष्टविनायकांचे भाविक तेथे हजारोंनी येतात. शेजारचे सुलसदताचे चैत्यगृह मात्र बहुतेकांकडून पाहिलेही जात नाही. भाविकांशी दारात वाद घालून काही साधत नाही. आपल्या दहा माणसांना त्या खोल्या कशाच्या हे शांतपणे सांगता आले तर अकरावा भाविकही कान देतो. ज्ञानाने मिळविलेली जागा कोणी हिसकावून घेत नाही.

७. यात्रेची रीत

निघण्यापूर्वी आठ दिवस विहारात एक बैठक घ्यावी. ज्या लेण्याला जायचे त्याचा इतिहास एकाने वाचून सांगावा. मुलांना ब्राह्मीची, म्हणजे धम्मलिपीची, निदान दहा अक्षरे शिकवावीत. ‘देयधम’ फळ्यावर लिहून दाखवावे. एका दिवसात चार डोंगर करू नयेत. एकच गट घ्यावा आणि नीट पाहावा. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृह, बारा खांबांच्या मधोमध असलेला स्तूप, यासाठीच अर्धा दिवस द्यावा.

लेण्यात गेल्यावर प्रथम त्रिशरण-पंचशील. नंतर पाच मिनिटे शांत बसावे. मग पाहावे. भिंतीला तेल, हळद, रंग, खडू लावू नये, अक्षरांवरून हात फिरवू नये, मेणबत्त्या कोरीव भागाजवळ ठेवू नयेत. ही संरक्षित स्मारके आहेत. मोडतोड किंवा नवे बांधकाम दिसले तर तारीख व जागा लिहून पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. १९८६ ते १९९३ या काळात याच खात्याच्या माणसांनी अंकोर वाटच्या जतनाचे काम केले. जे परदेशात जाऊन जपले गेले ते घरी जपण्याची मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे.

परत आल्यावर पुढच्या रविवारी प्रत्येकाने एका दात्याविषयी विहारात पाच मिनिटे बोलावे. एकीने विष्णुदत्तेवर, एकाने इरिलवर, एखाद्या शाळकरी मुलाने धान्यवाल्यांवर. जे येऊ शकले नाहीत त्या म्हाताऱ्यांना आधी सांगावे. आईने “काय पाहिलं?” असे विचारले की तिला नावे सांगता आली पाहिजेत. आणि शेवटी यात्रेतून उरलेल्या पैशांत थोडी भर घालून काहीतरी द्यावे : वस्तीतल्या एखाद्या रुग्णाचे औषध, एखाद्या मुलीची वह्या-पुस्तके, उन्हाळ्यात रस्त्यावर पाण्याचा एक रांजण. मग आपल्यालाही ‘देयधम’ हा शब्द नुसता वाचता येतो असे नाही, तर तो आपल्याकडून घडतो.

मननासाठी प्रश्न

१) संवेग म्हणजे काय? आपण पाहिलेल्या कोणत्या ठिकाणी तो झाला?
२) ता प्रोमचा लेख आणि जुन्नरचे लेख यांत दात्यांच्या बाबतीत कोणता फरक दिसतो?
३) ख्मेर देशात धम्म कोणाच्या आधाराने परत आला? आपल्या वस्तीत असे आधार कोण आहेत?
४) प्चुम बेनसारख्या विधीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? बावीस प्रतिज्ञांच्या आधारे सांगा.
५) इरिलच्या पोढी आणि दौलताबादचे टाके यांमधील काळात आपल्या समाजात काय बदलले असावे? विहारात चर्चा करा.